पारख गिऱ्हाइकानेच का करायची?

ऑनलाइन खरेदीच्या पानावर सर्वांत मोठ्या अक्षरांत सवलत असते आणि सर्वांत बारीक अक्षरांत विक्रेत्याचे नाव. बनावट मालाचा धंदा त्या बारीक अक्षरांच्या आडोशाने चालतो. नागपुरात हल्ली मिक्सरच्या भांड्यापासून हेल्मेटपर्यंत सगळे दारात येते. वाडी, कापसी, बुटीबोरीकडच्या गोदामांतून निघालेली पार्सले दिवसभर शहरभर फिरतात. पण खोक्यात आलेली वस्तू नेमकी कोणी विकली, हे विचारले तर दहातले नऊ जण ॲपचे नाव सांगतील. ते उत्तर चुकीचे आहे, आणि गिऱ्हाईक फसते ते इथेच.

परदेशी गुंतवणूक असलेल्या ई-कॉमर्स कंपनीला आपल्या देशात स्वतःच्या मालकीचा माल थेट ग्राहकाला विकता येत नाही. तिने फक्त बाजारपेठ चालवायची, विकायचे इतरांनी, असा नियम आहे. २०१८ च्या अखेरीस केंद्राने तो आणखी कडक केला आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू केला. म्हणजे मोठ्या ॲपवर तुम्ही घेता तो चार्जर बहुतेक वेळा ॲपचा नसतो, तो बनवणाऱ्या कंपनीचाही नसतो. तो कुठल्यातरी तिसऱ्या माणसाचा असतो. ‘आमच्या गोदामातून पाठवला’ किंवा ‘खात्रीशीर’ अशी जी पट्टी त्यावर दिसते, ती साठवण, पॅकिंग आणि वेळेवर पोचवणे यांची हमी देते. माल अस्सल आहे, हे ती पट्टी सांगत नाही. हे वाक्य पानावर ठळक लिहायला हवे होते. ते तसे लिहिलेले नसते, म्हणून लोक पट्टी पाहून निर्धास्त होतात.

आमचे म्हणणे असे की, काही वस्तूंची पारख गिऱ्हाइकाला घरी बसून करता येते, आणि तिथे ती केलीच पाहिजे. पण फार मोठ्या संख्येने अशा वस्तू आहेत की प्रयोगशाळेशिवाय त्यांचे खरे-खोटे कळत नाही. तिथे ‘ग्राहका, सावध राहा’ असे म्हणणे म्हणजे ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्यावर ओझे टाकणे आहे. ते ओझे ज्याने पैसे घेतले, माल ठेवला आणि कमिशन कापले, त्याच्यावर गेले पाहिजे.

आधी फसवणूक नेमकी कशी होते ते पाहू. एका वस्तूचे एकच पान असते आणि त्या पानावर एकाच वेळी अनेक विक्रेते उभे असतात. फोटो कंपनीचा, वर्णन कंपनीचे, तारे वर्षानुवर्षे जमलेले, आणि ‘खरेदी करा’ या बटणामागचा विक्रेता मात्र आज एक, उद्या दुसरा. अस्सल मालावर मिळालेले साडेचार तारे परवा आलेल्या नकलखोराला फुकट मिळतात. म्हणून वस्तूचे तारे आणि विक्रेत्याचे तारे वेगवेगळे पाहावे लागतात. विक्रेत्याच्या नावावर टिचकी मारली की त्याचे स्वतंत्र पान उघडते. तिथे पत्ता आहे का, तो आणखी काय काय विकतो, गेल्या महिन्याभरातले अभिप्राय काय आहेत, हे वाचा. एकच दुकान शाम्पू, ड्रिल मशीनचे कार्बन ब्रश आणि लहान मुलांचे बूट विकत असेल, तर तो त्यातल्या कुठल्याच कंपनीचा अधिकृत वितरक असण्याची शक्यता फार कमी. अभिप्राय वाचताना ‘सर्वांत नवीन’ हा क्रम लावा आणि एक ते तीन ताऱ्यांचे, फोटो असलेले अभिप्राय आधी बघा. कधीकधी मोबाइलच्या कव्हराच्या पानावर लोकांनी पाण्याच्या बाटलीचे कौतुक केलेले आढळते. जुने, भरपूर ताऱ्यांचे पान घेऊन त्यावर नवी वस्तू चढवली, याची ती खूण. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढले खरे, पण ते पाळणे ऐच्छिक ठेवले.

किंमत ही खूण अर्धीच उपयोगी आहे. ऐंशी टक्के सवलत असेल तर कोणालाही शंका येते. हुशार नकलखोर असले काही करत नाही. तो इतरांपेक्षा थोडीशीच कमी किंमत लावतो, म्हणजे बटणामागची जागाही मिळते आणि संशयही येत नाही. ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून उघड विकले जाणारे बूट-घड्याळे हा वेगळा मामला. तो माल बेकायदाच, पण तिथे घेणाऱ्याला ठाऊक असते. आपण बोलतोय ते अस्सलचे पूर्ण पैसे देऊन नकली हातात पडणाऱ्याबद्दल.

आता घरी काय तपासता येते ते बघू. सुरुवात हेल्मेटपासून, कारण या शहरात दुचाकी नसलेले घर शोधावे लागते. १ जून २०२१ पासून दुचाकीस्वाराचे हेल्मेट आयएसआय चिन्हाशिवाय बनवता किंवा विकता येत नाही. खऱ्या चिन्हात तीन गोष्टी असतात: वर आयएस ४१५१ हा मानक क्रमांक, मध्ये आयएसआयचे चिन्ह, खाली ‘सीएम/एल’ आणि त्यापुढे परवान्याचा क्रमांक. नुसते चिन्ह छापायला पाच पैसेही लागत नाहीत. क्रमांकच महत्त्वाचा. मोबाइलवर ‘बीआयएस केअर’ हे भारतीय मानक ब्युरोचे सरकारी ॲप घ्या, परवाना पडताळणीच्या जागी तो क्रमांक टाका. क्रमांक सापडला म्हणून थांबू नका. बनावट माल पकडला जातो तो पुढच्या चार ओळींत: परवाना कोणत्या कंपनीच्या नावावर आहे, तिचा पत्ता खोक्यावरच्या पत्त्याशी जुळतो का, परवाना चालू आहे की संपलेला, आणि तो हेल्मेटसाठीच आहे का. प्रेशर कुकरच्या किंवा प्लायवुडच्या कंपनीचा खरा क्रमांक उचलून हेल्मेटवर छापला, तर ‘क्रमांक सापडला’ एवढेच पाहणारा माणूस फसणारच. कुकरसाठी मानक आयएस २३४७, पडताळणीची रीत हीच. सोन्याच्या दागिन्यासाठीही हेच ॲप. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. इतवारीतल्या सराफाकडून घ्या की ऑनलाइन घ्या, तो क्रमांक टाकल्यावर दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते, ती हातातल्या वस्तूशी जुळवा.

चार्जर, पॉवर बँक, एलईडी बल्ब यांवर आयएसआयऐवजी नोंदणीचे चिन्ह असते आणि त्याखाली ‘आर’ अक्षरापुढे आठ अंक. तेही त्याच ॲपमध्ये, पण आर-क्रमांकाच्या वेगळ्या खान्यात टाकावे लागतात. लोक परवान्याच्या खान्यात टाकतात, काही सापडत नाही, आणि ॲपच बिघडले असे म्हणून सोडून देतात.

चार्जर नकली असला तर काय होते, हे नीट समजून घ्यायला हवे. चार्जरच्या आत एका बाजूला २३० व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला ५ व्होल्ट असतात. या दोन बाजूंमध्ये काही मिलिमीटरची मोकळी जागा, ट्रान्सफॉर्मरच्या तारांभोवती जाड आवरण आणि ठरावीक दर्जाचा सुरक्षा-कपॅसिटर, एवढ्यावर तुमचा जीव असतो. नकली चार्जरमध्ये नेमके हेच तीन खर्च वाचवतात, कारण ते बाहेरून दिसत नाहीत. फोन चार्ज होतो, दिवा लागतो, सगळे ठीक वाटते. मग पावसाळ्यात दमट हवेने किंवा एखाद्या व्होल्टेजच्या झटक्याने ती जागा ओलांडली जाते आणि फोनच्या धातूच्या कडेवर वीज येते. शिवाय आपला उन्हाळा. आत बसवलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे (वीज साठवणाऱ्या भागाचे) आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. चांगल्या चार्जरमध्ये १०५ अंशांपर्यंत टिकणारा कपॅसिटर असतो, स्वस्तात ८५ चा. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या पुढे जातो, वरच्या मजल्यावरच्या खोलीत रात्रीही भिंती तापलेल्या असतात. अशा ठिकाणी उशीजवळ चार्जर लावून झोपणाऱ्यासाठी आर-क्रमांक तपासणे हा चोखंदळपणा नव्हे.

पॉवर बँकेची पारख तर वजनकाट्याने होते. खोक्यावरचा एमएएच हा क्षमतेचा आकडा ३.७ ने गुणा आणि हजाराने भागा, म्हणजे वॅट-अवर, अर्थात साठणारी ऊर्जा, मिळते. १०,००० एमएएचचे ३७ वॅट-अवर. आजच्या लिथियम सेलमध्ये एका किलोत साधारण २५० वॅट-अवर मावतात, म्हणजे नुसते सेल १५० ग्रॅमचे आणि पूर्ण पॉवर बँक २०० ग्रॅमच्या आसपास. आता ‘५०,००० एमएएच’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, खिशात मावणाऱ्या डबीचा हिशेब करा: १८५ वॅट-अवर, म्हणजे नुसते सेलच पाऊण किलोचे. डबीचे वजन ३०० ग्रॅम भरले तर आकडा खोटा, याला दुसरा पुरावा नको. विमानात विनापरवानगी १०० वॅट-अवरपर्यंतचीच नेता येते, तेव्हा विमानतळावरही ही भानगड उभी राहते. प्रामाणिक कंपनी ५ व्होल्टला प्रत्यक्ष मिळणारी क्षमताही छापते. १०,००० च्या पॉवर बँकेवर ती ६,००० च्या आसपास असते. ती कमी दिसते म्हणून कंपनी फसवतेय असे समजू नका. ती न छापणाऱ्यापासून जपा.

पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डची फसवणूक सर्वांत निर्दय, कारण ती उशिरा कळते. आत ८ जीबीची चिप असते आणि तिच्या नियंत्रकात ‘मी ५१२ जीबी आहे’ असे लिहून ठेवलेले असते. संगणक तेच दाखवतो. पहिले ८ जीबी व्यवस्थित साठतात. त्यानंतरचे फोटो एकतर जुन्यांवर चढतात किंवा कुठेच जात नाहीत, तरीही ‘कॉपी पूर्ण’ असे दिसते. लग्नाचे फोटो सहा महिन्यांनी उघडायला जावे तर अर्धे करडे निघतात. परत करण्याची मुदत केव्हाच गेलेली. उपाय एकच: आल्या दिवशी कार्ड पूर्ण भरून परत वाचायचे. ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ आणि ‘एफथ्री’ ही दोन मोफत सॉफ्टवेअर हेच काम करतात. ६४ जीबीचे कार्ड सेकंदाला १० एमबी वेगाने भरायला पावणेदोन तास लागतात, वाचायला आणखी थोडा वेळ. रात्री लावून ठेवावे. थोडासा भाग तपासून समाधान मानले तर तपासणीला अर्थ नाही, कारण खोटेपणा शेवटच्या भागातच असतो.

नव्या मोबाइलसाठी *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, काढा, खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळवा. मग ‘केवायएम’ लिहून एक जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस करा, किंवा ‘संचार साथी’ या सरकारी ॲपवर टाका. कंपनी आणि मॉडेल वेगळे आले तर फोन बंद करून परतीची तक्रार नोंदवा, त्यात सिम घालून वापर सुरू करू नका.

इथपर्यंत गिऱ्हाइकाच्या हातात काहीतरी आहे. इथून पुढे फारसे नाही.

चेहऱ्याचे क्रीम घ्या. अशा क्रीममध्ये पारा मुद्दाम घालायला बंदी आहे. नकळत राहिलेला अंश दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. हजारपट पारा असलेले क्रीमही दिसायला, वासाला, लावायला तसेच असते, उलट परिणाम लवकर दिसतो म्हणून त्याला तारे जास्त मिळतात. मूत्रपिंड बिघडल्यावर डॉक्टर विचारतात, तेव्हा कळते. लेबलवर उत्पादन परवाना क्रमांक, आणि आयात केलेले असेल तर ‘आरसी/सीओएस’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. नसेल तर घेऊच नका. पण असेल तर खरा आहेच, असे नाही. औषधांचे तेच. १ ऑगस्ट २०२३ पासून ठरवून दिलेल्या ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो वाचला की औषधाचे नाव, कंपनी, बॅच, तारखा आणि परवाना क्रमांक दिसतो. बॅच आणि मुदतीची तारीख पट्टीवरच्या छपाईशी जुळवून पाहावी. मात्र कोडचीही नक्कल होते. नागपूर ग्रामीण पोलिसांच्या तपासात २०२४ मध्ये पुढे आलेले प्रकरण लोकांच्या लक्षात असेल. सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या अँटिबायोटिक गोळ्यांत औषधच नव्हते. निविदा, पुरवठादार, भांडारपाल, डॉक्टर एवढ्या पायऱ्या ओलांडून ती गोळी रुग्णापर्यंत पोचली. जिथे सरकारी खरेदीची यंत्रणा फसते, तिथे मानेवाड्याच्या एखाद्या आजीबाईंनी फोनवर फोटो पाहून गोळी ओळखावी, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

गाडीचे ब्रेक शू, बेअरिंग, इंजिन ऑइल यांचेही हेच. बियाणे आणि कीटकनाशके तर ऑनलाइन अनोळखी विक्रेत्याकडून घेऊच नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. कपाशीचे बियाणे उगवले नाही तर बियाण्यांच्या तक्रारी पाहणाऱ्या तालुका समितीपुढे तक्रार टिकते ती लॉट क्रमांक लिहिलेल्या पक्क्या बिलावर आणि रिकाम्या पिशवीवरच्या टॅगवर. ‘ॲपवर मागवले होते’ या वाक्यावर पंचनामा होत नाही आणि हंगाम थांबत नाही.

नागपूर या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूलाही उभे आहे. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही ‘नागपुरी संत्री’ म्हणून ऑनलाइन विकला जाणारा बराच माल पंजाब-राजस्थानचा किन्नू, म्हणजे संत्र्यासारखेच दुसरे फळ, असतो. किन्नूची साल घट्ट चिकटलेली आणि बिया पुष्कळ, तर आपल्या संत्र्याची साल सैल, बोटाने सहज सुटणारी. आंबिया बहाराची फळे ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास उतरतात. जुलैत ‘ताजी नागपुरी’ विकणारा कुठून आणतो, हे त्याला विचारायला हवे. मानांकन वापरणाऱ्याची नोंदणी कायद्याने होते, तिचा क्रमांक पानावर दाखवणे सक्तीचे केले तर काटोल-वरुडच्या बागायतदाराचे नाव असे फुकट विकले जाणार नाही. नकली मालाने गिऱ्हाईक लुटले जाते, तसाच अस्सल पिकवणाराही लुटला जातो.

सोशल मीडियावरच्या जाहिरातींतून उघडणाऱ्या अनोळखी साइट्सबद्दल थोडक्यात. बिलावर किंवा साइटवर जीएसटी क्रमांक असतो का पाहा. १५ अक्षरे-अंक, पहिले दोन राज्याचे, महाराष्ट्राचे २७, पुढचे दहा पॅन. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर करदाता शोधण्याची सोय आहे. तिथे नोंदणीचे नाव, तारीख आणि ती चालू की रद्द हे दिसते. ‘पंचवीस वर्षांचा विश्वास’ लिहिणाऱ्याची नोंदणी गेल्या महिन्यातली निघाली, की विषय संपला. पैसे एखाद्या व्यक्तीच्या खासगी यूपीआय खात्यावर मागितले तर तिथेच थांबा. घरपोच पैसे दिले म्हणजे सुरक्षित, हाही गैरसमज आहे, कारण डिलिव्हरीवाला खोका उघडायच्या आधी पैसे घेतो.

माल आल्यावरची शिस्त मात्र प्रत्येकाने पाळावी, कारण पुढे सगळे तिच्यावर अवलंबून असते. महाग वस्तूसाठी दारात उघडून दाखवण्याची सोय असेल तर तीच निवडा, आणि आतली वस्तू पाहिल्याशिवाय ओटीपी सांगू नका. एकदा ओटीपी दिला की ‘माल योग्य मिळाला’ अशी नोंद होते. ती सोय नसेल तर व्हिडिओ घ्या. मध्ये न थांबवता, एकाच तुकड्यात: आधी पार्सलच्या चिठ्ठीवरचा क्रमांक, मग सहाही बाजू आणि चिकटपट्टी, शक्य असेल तर काट्यावर वजन, मग उघडणे, अनुक्रमांक, आणि वस्तू चालू करून पाहणे. खोका उघडल्यावर सुरू केलेला व्हिडिओ कामाचा नाही, माल आधीच बदलला असा आक्षेप येतो. खोके, बिल आणि चिठ्ठी परतीची मुदत संपेपर्यंत टाकू नका. आणि परत करताना कारण निवडाल ते नीट. ‘आता नको’ किंवा ‘आकार बसला नाही’ हे कारण दिले की पैसे पटकन मिळतात, म्हणून लोक तेच निवडतात. त्याने होते काय, की तो विक्रेता कागदोपत्री स्वच्छ राहतो आणि तीच वस्तू पुन्हा पॅक होऊन दुसऱ्याच्या दारात जाते. ‘वस्तू बनावट आहे’ असेच लिहा, मग चार दिवस जास्त लागले तरी चालतील.

पुरावा म्हणून सर्वांत वजनदार कागद कोणता? ज्या कंपनीचे नाव वस्तूवर आहे, तिच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या जॉबशीटवर ‘हे आमचे उत्पादन नाही’ अशी ओळ. सर्व्हिस सेंटरवाले बहुधा तोंडी सांगतात, लिहून द्यायला कां-कूं करतात. अशा वेळी कंपनीच्या ग्राहक सेवेला अनुक्रमांक, बॅच आणि स्पष्ट फोटो जोडून ई-मेल करा आणि लेखी उत्तर मागा. ते ई-मेल हाती असले की पुढच्या लढाईचे निम्मे काम झाले.

पोलिसांत जावे का? व्यापारचिन्ह कायद्यात बनावट मालासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आहे. पण पोलिस उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारीच वॉरंटशिवाय झडती-जप्ती करू शकतो, आणि त्याआधी त्याला व्यापारचिन्ह निबंधकाचे मत घ्यावे लागते. एका चार्जरसाठी ही वाट कोणी चालत नाही. साइटच खोटी निघाली आणि पैसे गेले, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तासाभरात कळवणे उपयोगी.

आता मूळ मुद्दा. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनी बऱ्याच चांगल्या गोष्टी केल्या. तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण महिन्याभरात. माल बनावट असेल तर विक्रेत्याला परत घ्यायला नकार देता येत नाही. विक्रेत्याचे नाव-पत्ता दाखवणे बंधनकारक. पण दोन ठिकाणी हे नियम फाटके राहिले. स्वतःचा माल विकणाऱ्या ई-कॉमर्स कंपनीने अस्सलतेची उघड किंवा सूचित हमी दिली तर ती जबाबदार, असे कलम आहे. बाजारपेठ चालवणाऱ्या कंपनीला तसे कलम नाही, आणि ‘खात्रीशीर’ची पट्टी लावणाऱ्या मोठ्या कंपन्या त्याच वर्गात मोडतात. दुसरे म्हणजे, वारंवार असा माल चढवणाऱ्या विक्रेत्यांची नोंद ठेवण्याचा ‘वाजवी प्रयत्न’ प्लॅटफॉर्मने, म्हणजे बाजारपेठ चालवणाऱ्या कंपनीने, करायचा, पण त्यांना काढून टाकणे सक्तीचे नाही, असे नियमातच म्हटले आहे. सराईत फसवणाऱ्याला ठेवायचे की काढायचे, हे ज्याला त्याच्या विक्रीतून कमिशन मिळते त्याच्या मर्जीवर सोडले आहे. विक्रेता चुकला तर प्लॅटफॉर्मने भरपाई द्यावी, अशी तरतूद जून २०२१ च्या दुरुस्तीच्या मसुद्यात होती. ती अंतिम झाली नाही. ती व्हायला हवी.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. जबाबदारी वाढली तर प्लॅटफॉर्म छोट्या विक्रेत्यांनाच बाहेर काढतील, गांधीबागेतला कापडवाला, महालातला मसालेवाला यांची ऑनलाइन दारे बंद होतील. भीती खरी आहे, पण तिचे उत्तर जबाबदारी टाळण्यात नाही. प्रामाणिक छोट्या दुकानदाराकडे खरेदीची बिले असतात. त्याला परवाना क्रमांक भरायला हरकत नसते. आणि नकलखोराशी किमतीत स्पर्धा करून आज सर्वांत जास्त मार तोच खातोय. लाखो वस्तू तपासणे अशक्य आहे, असेही कंपन्या म्हणतात. हेल्मेटचे पान तयार करताना सीएम/एल क्रमांकाचा रकाना सक्तीचा करणे आणि तो ब्युरोच्या नोंदींशी यंत्रानेच जुळवणे, याला माणूस लागत नाही. जो पडताळा नागपूरचा ग्राहक मोबाइलवर अर्ध्या मिनिटात करू शकतो, तो पान चढण्यापूर्वी त्यांनाही करता येतो. विक्रेत्याचे पैसे परतीची मुदत संपेपर्यंत रोखून धरणेही त्यांच्याच हातात आहे.

ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने आयएसआय चिन्ह नसलेल्या कुकरच्या विक्रीबद्दल अमेझॉनला १ लाख रुपये दंड केला. असे २,२६५ कुकर विकले गेले होते आणि त्यावर कंपनीला मिळालेले शुल्क ६ लाख १४ हजारांहून जास्त होते. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. दंडाचा आकडा पाहिला तर निराशा येते. पण त्याच आदेशात एक फार मोलाची गोष्ट होती: ते कुकर घेणाऱ्या सर्वांना कळवा, माल परत घ्या, पैसे द्या. एरवी बनावट मालाचे पान गुपचूप उतरवले जाते आणि आधीच्या खरेदीदारांना कोणी सांगत नाही. त्यांच्या घरी तो चार्जर, तो कुकर वापरात राहतो. प्लॅटफॉर्मकडे प्रत्येकाचा पत्ता आणि फोन क्रमांक असतो, सवलतीचे संदेश त्यावर रोज येतातच. पान उतरवल्यावर ठरावीक दिवसांत प्रत्येक जुन्या खरेदीदाराला कळवणे सक्तीचे करा, ही आमची पहिली मागणी.

नियम बदलेपर्यंत हे काम ग्राहक आयोगातून रेटता येते, आणि नागपूरकरांसाठी ती जागा दूर नाही. विक्रेता दिल्लीचा, प्लॅटफॉर्म बंगळुरूचा असला तरी २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षे, वकील लागतोच असे नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. बरीच प्रकरणे तिथेच मिटतात. ब्युरोच्या चिन्हाचा गैरवापर असेल तर त्यांच्या नागपूर शाखेलाही ‘बीआयएस केअर’वरूनच कळवा. मग ग्राहक आयोगाच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार भरा. विक्रेत्यासोबत प्लॅटफॉर्मलाही विरुद्ध पक्ष करा, ‘खात्रीशीर’ पट्टी दिसणाऱ्या पानाचा स्क्रीनशॉट खरेदीच्या तारखेसह जोडा, कारण ते पान नंतर बदलते. प्रयोगशाळेच्या तपासणीचे पैसे आयोग आधी तुमच्याकडून मागू शकतो, तेव्हा तो खर्च विरुद्ध पक्षाकडून वसूल व्हावा अशी मागणी सुरुवातीलाच लिहा. आणि वस्तूची किंमत, नुकसानभरपाई व खर्च या तीन मागण्यांखाली चौथी लिहा: याच विक्रेत्याकडून हीच वस्तू घेतलेल्या सर्व ग्राहकांना प्लॅटफॉर्मने लेखी कळवावे.